एसएलआर ऑटोमॅटिक होती का? रायफलीला नाव कशावरून पडतं

प्रश्न थोडक्यात असा. (एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, आपल्या जवानांची जुनी नेहमीची रायफल.) विचारणाऱ्या ताई इंदूरच्याच. आजोबा १९७१ च्या लढाईत पायदळात होते, त्यांच्यावर त्या दीर्घकथा लिहितायत. कथेत एक वाक्य आहे: "त्याने एसएलआर खांद्याला लावली आणि सलग फैर झाडली." कच्चा खर्डा वाचून कुणीतरी म्हणालं, एसएलआर सलग चालतच नाही. मग ताई शोधायला बसल्या. एका ठिकाणी एसएलआर सेमी-ऑटोमॅटिक, तर दुसरीकडे तिच्याच मूळ बेल्जियन रायफलीच्या नावात 'ऑटोमॅटिक'. एके-४७ कुठे असॉल्ट रायफल, कुठे मशीनगन. महूला जाऊन संग्रहालय पाहिलं तर काचेमागच्या बंदुका बघून गोंधळ दुप्पट झाला. शेवटी त्यांनी लिहिलंय, "कुणीतरी एक सरळ तक्ता द्या, कुठली बंदूक कशात मोडते."

ताई, तक्ता देत नाही. आळस म्हणून नव्हे. मी चोवीस वर्षं फौजेत आर्मरर होतो, म्हणजे बंदूक चालवणारा कमी आणि उघडून बसणारा जास्त. आता सुदामानगरात घर आहे आणि हातात पुलथ्रूऐवजी, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीऐवजी, भाजीची पिशवी असते. नव्या पोरांना शिकवताना मीही आधी तक्ताच काढायचो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी अशी एक बंदूक पुढे करायचा की ती दोन खान्यांत बसायची, नाहीतर एकाही खान्यात बसायची नाही. मग मी खाने पुसायला लागलो.

तुमची खरी अडचण अशी आहे की बंदुकांना नावं एकाच माणसाने ठेवलेली नाहीत. चापावर बोट ठेवणारा एक नाव देतो, राउंड (म्हणजे अख्खं काडतूस) मोजणारा दुसरं, सेक्शनमध्ये (जवानांच्या छोट्या तुकडीत) कोण काय उचलणार हे ठरवणारा तिसरं आणि कायदा लिहिणारा चौथं. चौघंही आपापल्या जागी बरोबर असतात. घोळ होतो तो चौघांची नावं एकाच रांगेत उभी केल्यावर. म्हणून बंदूक समोर आली की मी चार प्रश्न वेगवेगळे विचारतो.

पहिला प्रश्न चापाचा: एकदा दाबला तर काय होतं?

थ्री-नॉट-थ्रीपासून, म्हणजे जुन्या .३०३ रायफलीपासून, सुरू करू. ती बोल्ट ॲक्शन. गोळी सुटली की बोल्ट वर उचला, मागे ओढा, रिकामं केस (राउंडचं पितळी नळकांडं) बाहेर पडेल, पुढे ढकला, नवा राउंड चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या घरात) जाईल, बोल्ट खाली दाबा. मग पुन्हा चाप. मॅगझिनमध्ये दहा राउंड असतात, पण प्रत्येकामागे हाताची मेहनत तुमचीच.

एसएलआरने ती मेहनत काढून घेतली. गोळी नळीतून पुढे पळत असते तेव्हा तिच्या मागचा थोडासा गॅस नळीच्या वरच्या बारीक छिद्रातून निघून पिस्टनला धक्का देतो. पिस्टनमुळे ब्रीच ब्लॉक (चेंबर मागून बंद करणारा ठोकळा) मागे जातो, रिकामं केस उजवीकडे फेकलं जातं, स्प्रिंग सगळं परत पुढे ढकलते आणि जाताजाता नवा राउंड चेंबरमध्ये बसतो. इथपर्यंत एसएलआर, तिच्यानंतरची आपली इन्सास आणि एके या तिघींचं काम ढोबळमानाने सारखंच. तिघीही स्वतःला स्वतः भरतात.

फरक पुढच्या क्षणाला पडतो. रायफल भरली गेली, पण तुमचं बोट अजून चापावर दाबलेलंच आहे. आता काय? सेमी-ऑटोमॅटिकमध्ये घोडा आत अडकून राहतो. बोट सैल करा, चाप पुढे येऊ द्या, मग पुन्हा दाबा, तेव्हाच दुसरी गोळी. ऑटोमॅटिकमध्ये घोड्याला अशी वाट बघावी लागत नाही. बोट दाबलेलं आणि मॅगझिनमध्ये राउंड आहेत तोवर ती चालतच राहते. (चाप म्हणजे बोटाने ओढायचा, घोडा म्हणजे आत पिनवर आपटतो तो. आपल्या कथा-कादंबऱ्यांत दोघांनाही घोडाच म्हणतात. तुम्ही तरी वेगळे ठेवा.)

हे डोळ्यांनी दिसत नाही, कानाने ऐकावं लागतं. रिक्रूट आला की आम्ही त्याच्या हातात तपासलेली, रिकामी एसएलआर द्यायचो. चाप दाब. कट् असा आवाज येतो. दाबूनच धर. आता कॉकिंग हँडल मागे ओढून सोड. चाप अजून दाबलेला आहे, पण आवाज नाही. आता बोट हळू सोड. तेव्हा आतून एक बारीक 'टिक' येते, घड्याळाच्या काट्यासारखी. त्या टिकेनंतरच रायफल पुढच्या गोळीला तयार असते. सेमी-ऑटोमॅटिकचा सगळा अर्थ त्या टिकेत आहे.

म्हणजे तुमच्या खर्ड्यावर बोट ठेवणारा बरोबर होता. आपली १ए१ एसएलआर सेमी-ऑटोमॅटिकच. तिचा चेंज लीवर (मारा कसा हवा ते निवडायची कळ) दोनच ठिकाणी थांबतो. ब्रिटिश घराण्याच्या एसएलआरवर त्या दोन जागांना इंग्रजी 'एस' आणि 'आर' ही अक्षरं असतात. 'एस' म्हणजे सेफ. 'आर' म्हणजे रॅपिड, असं अर्धी पलटण समजायची. खरं ते 'रिपीटिशन', पुन्हा-पुन्हा एकेक.

मग मूळ बेल्जियन रायफलीच्या नावात 'ऑटोमॅटिक' कसं? एफएन कंपनीची एफएएल ही एसएलआरची आई. त्या नावाचा अर्थच 'हलकी ऑटोमॅटिक रायफल'. तिच्यात सिंगल आणि ऑटोमॅटिक, दोन्ही सोयींचं रूप होतं. ब्रिटिशांनी तिचं आपलं रूप केलं तेव्हा ऑटोमॅटिकची जागा काढून टाकली आणि नावही बदललं: सेल्फ लोडिंग रायफल. आपण त्याच वाटेने गेलो. ईशापूरच्या कारखान्याने पुढे याच घराण्यातली १सी नावाची ऑटोमॅटिक बहीणही काढली, बीएमपी या चिलखती गाडीतून मारा करण्यासाठी. पण जवानाच्या खांद्यावरची नेहमीची एसएलआर एकेकच मारणारी.

आणखी एक खोच आहे. शंभर वर्षांपूर्वी 'ऑटोमॅटिक' म्हणजे फक्त 'स्वतः भरणारी' एवढाच अर्थ घेत. कोल्टच्या .४५ पिस्तुलाच्या राउंडच्या नावात आजही 'ऑटोमॅटिक' आहे, आणि ते पिस्तूल एका चापाला एकच गोळी मारतं. म्हणून जुना मजकूर वाचताना त्या शब्दावर विश्वास टाकण्याआधी साल बघावं. 'सेल्फ लोडिंग' हा त्या मानाने प्रामाणिक शब्द आहे. जे करते तेवढंच सांगतो.

सिंगल आणि ऑटोमॅटिकच्या मध्ये बर्स्ट येतो, म्हणजे एका दाबात ठरावीक गोळ्या. पुण्याच्या आर्डे या शस्त्रसंशोधन संस्थेने घडवलेल्या इन्सास रायफलीत एकेक आणि तीन-तीन अशा दोन सोयी होत्या. अमेरिकनांनी एम-१६ च्या ए-२ रूपात हेच केलं. कारण साधं. भेदरलेला माणूस चाप सोडत नाही. एके-४७ चा वेग मिनिटाला साधारण ६०० राउंड, आणि मॅगझिन तीस राउंडचं. गणित करा: तीन सेकंद. 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणेपर्यंत मॅगझिन रिकामं, आणि पहिल्या दोन-तीन गोळ्या सोडल्या तर बाकीच्या झाडांच्या शेंड्यांत. प्रत्यक्षात मिनिटाला ६०० कुणी मारत नाही, तो यंत्राचा वेग झाला. एकेक नेमून मारताना सरावलेल्या माणसाच्या मिनिटाला वीसेक गोळ्या कामाच्या निघाल्या तरी पुष्कळ.

एके-४७ चा चेंज लीवर उजव्या बाजूला लांब पट्टीसारखा असतो. सगळ्यात वर सेफ, मधे ऑटोमॅटिक, सगळ्यात खाली सिंगल. आमचे उस्ताद म्हणायचे, घाबरलेला जवान लीवर दाबेल तो थेट तळापर्यंत, म्हणून तळाला सिंगल ठेवलंय. रशियनांनी खरंच हा विचार केला होता की नाही, ते उस्तादांनाच ठाऊक. पण वर्गात ही गोष्ट सांगितली की जागा कुणी विसरत नसे.

चापाचा विषय संपवण्याआधी एक आठवण. फायरिंग रेंजवर एकदा एका जवानाची एसएलआर एका दाबात दोन गोळ्या टाकायला लागली. बाजूचे पोरं खूश, "उस्ताद, इसकी तो ऑटोमैटिक हो गई!" मी रायफल तिथल्या तिथे खाली करून लाल चिठ्ठी बांधली. आतला एक पुर्जा झिजला होता, आणि आधीच्या तपासणीत ज्याने तो बघायचा त्याने नुसती सही ठोकली होती. अशी रायफल ऑटोमॅटिक होत नाही, आजारी पडते. दुसरी गोळी कधी सुटेल हे ना तिला माहीत ना चालवणाऱ्याला. ऑटोमॅटिक म्हणजे तसं चालण्यासाठी मुळातून रचलेली. वर्गीकरण बनावटीवरून होतं, बिघाडावरून नाही.

दुसरा प्रश्न राउंडचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. लोक बंदुकीचा आकार बघतात, आर्मरर आधी राउंड हातात घेतो.

तीन राउंड शेजारी शेजारी ठेवल्याची कल्पना करा. एक ९ एमएमचा, कार्बाइनचा: बुटका, अंगठ्याच्या पेराएवढा. दुसरा एसएलआरचा ७.६२: हाताच्या तळव्यावर आडवा ठेवला तर चांगला जड, वजन २४ ग्रॅमच्या आसपास. तिसरा एके-४७ चा. तोही ७.६२ च, पण अंगाने आखूड, १६-१७ ग्रॅमचा. ७.६२ हा फक्त गोळीच्या जाडीचा आकडा. पुढचा आकडा केसच्या लांबीचा: एसएलआरचा ५१ मिलिमीटर, एकेचा ३९. दोघांची अदलाबदल होत नाही. ड्रॅगुनोव्ह या रशियन दुर्बिणीच्या रायफलीचा ७.६२ आणखी तिसराच, केस ५४ मिलिमीटरचं आणि बुडाला कडा असलेलं. कथेत "त्याने शत्रूच्या एकेमधल्या गोळ्या काढून आपल्या एसएलआरमध्ये भरल्या" असं कुठे लिहिलं असेल तर आजच खोडा.

आता नावं कशी पडतात बघा. पूर्ण ताकदीचा राउंड म्हणजे .३०३, अमेरिकनांचा .३०-०६, एसएलआरचा ७.६२. हे सातशे-आठशे मीटरवरच्या लक्ष्याचा विचार करून केलेले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनांनी हिशेब मांडला की पायदळाची बहुतेक गोळाबारी तीन-चारशे मीटरच्या आतच होते. मग एवढी बारूद कशाला? त्यांनी केस आखूड केलं: ७.९२, पण लांबी फक्त ३३ मिलिमीटर. हा मधला राउंड. धक्का कमी, वजन कमी, आणि मुख्य म्हणजे सलग मारताना खांद्यावर आवरता येतो.

त्या राउंडभोवती त्यांनी जी बंदूक बांधली, तिच्या नावाची गोष्ट तुमच्या कामाची आहे. आधी तिला मशीन कार्बाइन म्हटलं. मग एमपी-४३, म्हणजे मशीन पिस्तूल. मग एमपी-४४. आणि शेवटी १९४४ मध्ये श्टुर्मगेवेर, 'हल्ल्याची रायफल'. किरकोळ फेरफार सोडले तर बंदूक तीच, पण कागदावर ती कार्बाइन, पिस्तूल आणि रायफल अशा तीन जाती फिरून आली. इंग्रजीतलं 'असॉल्ट रायफल' हे त्या शेवटच्या नावाचंच भाषांतर.

म्हणून फौजी भाषेत असॉल्ट रायफल म्हणायला दोन गोष्टी एकत्र लागतात. मधल्या ताकदीचा राउंड, आणि चापाला सिंगलशिवाय ऑटोमॅटिक किंवा बर्स्टची सोय. एके-४७ मध्ये दोन्ही आहेत. इन्सासमध्ये ५.५६ चा राउंड आणि बर्स्ट, म्हणून तीही. एसएलआर दोन्ही ठिकाणी नापास: राउंड पूर्ण ताकदीचा आणि चाप एकेरी. तिच्यासारख्यांना हल्ली बॅटल रायफल म्हणतात, पण हे नाव मागाहून चिकटवलेलं आहे. आमच्या स्टोअरच्या वहीत हा शब्द मी कधी लिहिला नाही.

पूर्ण ताकदीचा राउंड सलग मारायला गेलात तर काय होतं, हे अमेरिकनांनी एम-१४ वर पाहिलं. १९५७ मध्ये घेतलेली ती रायफल सलग चालू शकत होती, पण सलग मारताना नळी आकाशाकडे जायची. शेवटी बहुतेक जवानांना ती सिंगलवर बंद करूनच दिली जाई. ब्रिटिशांनी एसएलआर एकेरी का ठेवली, याचं अर्धं उत्तर यातच आहे. उरलेलं अर्धं वजनात. शंभर राउंड ७.६२ चे म्हणजे जवळजवळ अडीच किलो. ५.५६ चा एक राउंड साधारण १२ ग्रॅमचा, म्हणजे शंभर राउंड सव्वा किलोच्या आसपास. पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

तक्त्याला भोक पाडणारी एक बंदूक इथेच सांगतो. रशियनांची एसकेएस. राउंड एकेचाच, मधला. पण चाप एकेरी, आणि मॅगझिन अंगातच बसवलेलं, दहाचं. असॉल्ट रायफल नाही, बॅटल रायफलही नाही. नावात 'कार्बाइन' आहे, पण आपल्या फौजेत ज्याला कार्बाइन म्हणतात त्याच्याशी तिचा संबंध नाही. चिन्यांनी तिची नक्कल केली आणि नाव दिलं टाइप ५६. एकेची नक्कल केली, तिचंही नाव टाइप ५६. रशियन हलक्या मशीनगनची नक्कल केली, तिलाही टाइप ५६. नुसतं "टाइप ५६" एवढंच लिहिलेलं कुठे सापडलं तर लिहिणाऱ्यालाच विचारा, तिघींपैकी कुठली.

तिसरा प्रश्न: हिच्याकडून काम काय घ्यायचंय?

इन्सास रायफल आणि इन्सास एलएमजी (लाइट मशीनगन) शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी. एलएमजीची नळी जड आणि लांब, पुढे दोन पाय, आणि चापाला ऑटोमॅटिक. बराच वेळ मारा करून दुसऱ्यांना पुढे सरकू देणं, हे तिचं काम. ते काम रायफलीच्या पातळ नळीने केलं तर नळी तापून भाजी परतता येईल. जुनी ब्रेन एलएमजी तर दुसऱ्याच घरातली. तिचा ब्रीच ब्लॉक मारण्याआधी मागे थांबतो, चेंबर उघडं राहतं, हवा खेळते, आणि तापलेल्या चेंबरमध्ये राउंड पडून राहत नाही. शिवाय नळी पटकन बदलता येते. म्हणून एलएमजीवर माणसं दोन, नंबर एक आणि नंबर दो.

दिसण्यावरून काम ओळखायला गेलात तर ड्रॅगुनोव्ह फसवते. लांबून एकेची लांब बहीण वाटते. आत वेगळी आहे, राउंड वेगळा, मॅगझिन दहाचं, आणि चाप एकेरी. काम दुर्बिणीतून एकेक टिपायचं.

आणि कार्बाइन. मूळ अर्थ आखूड रायफल, घोडेस्वाराच्या सोयीची. पण आपल्या फौजेत आणि पोलिसांत "कार्बाइन" म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती ९ एमएमची स्टर्लिंग, डाव्या बाजूला आडवं मॅगझिन असलेली. पिस्तुलाचा राउंड आणि सलग मारा, म्हणजे बाहेरच्या पुस्तकांप्रमाणे ती सबमशीनगन. ब्रिटिश अशा बंदुकांना 'मशीन कार्बाइन' म्हणत, त्यातलं 'मशीन' आपल्याकडे बोलताबोलता गळलं. तुमच्या कथेतल्या सुभेदाराने तिला सबमशीनगन म्हटलं तर माझ्यासारखा म्हातारा तिथेच पुस्तक मिटेल. त्याच्या तोंडी कार्बाइनच हवं.

चौथा प्रश्न कायद्याचा. यावर कमी बोलतो, कारण तुमच्या कथेला तो फारसा लागत नाही आणि देशागणिक बदलतो. आपल्या १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये निषिद्ध शस्त्राची व्याख्या जवळजवळ आर्मररच्या भाषेतच आहे: चापावर दाब दिला की दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत जी मारत राहते ती. पण त्याशिवाय नियम बोअरवरूनही, म्हणजे नळीच्या भोकाच्या मापावरूनही, चालतात. फौजेचा राउंड ज्यात बसतो ते बोअर सामान्य माणसासाठी बंद. म्हणून साधी बोल्टची .३०३ ही अडचणीची आणि तशीच दिसणारी .३१५ परवान्यावर मिळणारी. ग्वाल्हेर-भिंडकडच्या लग्नांत खांद्यावर दिसते ती बहुतेक हीच. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने एका दाबात एकाहून जास्त गोळ्या मारणारी प्रत्येक बंदूक 'मशीनगन'. म्हणजे एके-४७ फौजेला असॉल्ट रायफल, तिथल्या कायद्याला मशीनगन, रशियनांना 'अवतोमात', आपल्या कायद्याला निषिद्ध शस्त्र. तुम्हाला सापडलेल्या सगळ्या नोंदी बरोबर होत्या, फक्त चार वेगळ्या वह्यांतल्या होत्या. आणि अमेरिकन बातम्यांतलं 'असॉल्ट वेपन' हे असॉल्ट रायफल नव्हे. १९९४ च्या तिथल्या बंदीत ते नाव मुख्यतः सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांना लावलं होतं, मूठ, घडीचा दस्ता असल्या गोष्टी मोजून.

आता तुमच्या कथेकडे. इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इंदुरात बसून ठरवू शकत नाही. १९६२ मध्ये आपलं पायदळ .३०३ घेऊन लढलं. एसएलआर त्यानंतर, साठच्या दशकात येत गेली, आणि ती सगळ्यांना एका दिवशी मिळाली नाही. १९७१ ला पायदळाच्या पलटणीत एसएलआर असणं अगदी स्वाभाविक, पण दुसऱ्या फळीतल्या कितीतरी हातांत तेव्हाही थ्री-नॉट-थ्रीच होती. आजोबांची पलटण कुठली, ते रायफल कंपनीत होते की आणखी कुठे, यावर उत्तर बदलेल.

सलग फैर कथेत हवीच असेल तर ती एलएमजीच्या किंवा कार्बाइनच्या हातात द्या. सेक्शन कमांडरकडे कार्बाइन शोभते. पण ९ एमएमला शंभर मीटरच्या पलीकडे फार काही अपेक्षा नको, म्हणजे ती खंदकाच्या तोंडाशी, घराच्या दारात वाजू द्या, नदीपलीकडे नको. ब्रेन दाखवत असाल तर मॅगझिन बघा: .३०३ चं चंद्रकोरीसारखं वाकलेलं, कारण त्या राउंडच्या बुडाला कडा असते. ७.६२ करून घेतलेल्या एलएमजीचं जवळजवळ सरळ. आणि नायकाकडे एसएलआर ठेवणार असाल तर फैर झाडू नका. वीसचं मॅगझिन, एकेक गोळी, प्रत्येक गोळीला खांद्याला धक्का, बोट सैल, आत टिक, पुन्हा दाब. घाईत असलेला माणूस ते इतक्या भराभर करतो की लांबून ऐकणाऱ्याला सलग वाटेल. पण त्या ठोक्यांत माणसाचा हात ऐकू येतो, एक लांब, दोन जवळ, मग थांबा. एलएमजी शिवणयंत्रासारखी एका लयीत जाते. अंधारात आमचे जुने लोक नुसत्या आवाजावरून सांगायचे की समोरचा मोजून मारतोय की भेदरलाय.

एक युक्ती सांगतो, पुस्तकात मिळणार नाही. आजोबांच्या पलटणीतलं कुणी हयात असेल तर त्यांना बंदुकीचं नाव विचारू नका. पन्नास वर्षांनी नावं सरमिसळतात. "गोळी अडकली की काय करायचात?" एवढंच विचारा आणि त्यांच्या हातांकडे बघा. थ्री-नॉट-थ्रीवाल्याची उजवी मूठ हवेत वर, मागे, पुढे, खाली अशी फिरेल. एसएलआरवाल्याची उजवी मूठ जागची हलणार नाही, डावा हात उठून मागे ओढेल. तिचं कॉकिंग हँडल डाव्या बाजूला होतं.